चंदेरी गाडीतला गाळ

सलबियाची हिरवी गाडी पुरात गेली, तेव्हा ती रडली नाही आणि चिडलीही नाही. पाहांग नदी फुगली की तेमर्लोच्या खालच्या वस्तीत शिरते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या वर्षी अंगणात पाणी चढायला लागलं तेव्हा तिनं आधी नवरींचे जरीचे पोशाख माळ्यावर टाकले, मग मुकुट, मग दागिन्यांच्या पेट्या. गाडीकडे वळली तोवर चाकं दिसेनाशी झाली होती. तीन दिवस गाडी टपापर्यंत पाण्यात होती. विम्यात पूर धरलेला नव्हता.

पाणी ओसरल्यावर लियोंगकाकांनी तिच्या गाडीत डोकं घातलं. एकोणीस वर्षं ती गाडी त्यांच्याच गॅरेजात जात होती.

"बिया, हिला चावी लावू नकोस," ते म्हणाले. "बुडालेली गाडी सुरू झाली तरी मेलेलीच असते. मेल्याचं तिला कळायला सहा महिने लागतात, एवढंच."

सलबियानं ती भंगारात दिली आणि विषय संपवला. नदीवर रागवून काय करणार? राग तिला पुढे आला, आणि तो माणसांचा आला.

सलबिया सत्तावन्न वर्षांची. एकतीस वर्षं नवऱ्या सजवण्याचं काम करते. तिचा नवरा ती बत्तीस वर्षांची असताना जोहोरला कामाला म्हणून गेला, तो तिकडचाच झाला. गावातल्या बायका हळहळायला आल्या, तर हिनं त्यांच्या हातात सुया दिल्या आणि म्हणाली, "बसलाच आहात तर मणी ओवा." पस्तिसाव्या वर्षी गाडी शिकली. तेमर्लोपासून माराँपर्यंत, जेरांतुतपर्यंत, रबराच्या बागांमधल्या आडगावांत पहाटे पोचायचं, नवरीला तीन तासांत राणी करायचं, दिवसभर तिची ओढणी सावरायची आणि संध्याकाळी सगळा साज मोजून परत आणायचा. तिला गाडी लागे ती डिकीवालीच. छोट्या गाडीत पोशाखांच्या घड्या पडून जर तुटते आणि उघड्या टेम्पोत धूळ बसते. लांब मागची सीट आणि बंद डिकी, यापुढे तिचं मागणं नव्हतं.

पुरानंतर शाळेच्या सुट्ट्या तोंडावर आल्या. सुट्ट्या म्हणजे लग्नं. दोन वेळा तिनं भाड्याची व्हॅन केली. दुसऱ्या वेळी व्हॅनवाला पाऊण तास उशिरा आला, नवरी अर्धी सजलेली असतानाच वराकडचे डफ वाजायला लागले आणि नवरीची आई सर्वांदेखत म्हणाली, "एकतीस वर्षं झाली म्हणे हिला!" सलबियानं ते गिळलं. त्याच संध्याकाळी ती लियोंगकाकांकडे गेली.

काकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते ओसरीवर आरामखुर्चीत पडून होते आणि मुलीला घालून पाडून बोलत होते.

"मी काही तुझ्याबरोबर येऊ शकत नाही," ते म्हणाले. "पण तुला डोळे आहेत. माझी गाडी समोर उभी आहे. जा, ड्रायव्हरच्या जागी बस."

मग खुर्चीतूनच, काठी हवेत फिरवत, त्यांनी तिला अंधार पडेपर्यंत शिकवलं. सीटचा पट्टा नुसता लावून बघायचा नाही, शेवटपर्यंत ओढायचा. धुणारा माणूस तेवढा आत पोचत नाही. सीटखाली हात घालून बोल्ट चाचपायचे. आकडा काहीही सांगो, ब्रेकच्या पेडलाचं रबर बघायचं, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय ते बघायचं. आणि सगळ्यांत आधी बॉनेटवर हात ठेवायचा.

"तो कशाला?"

"गरम असेल तर त्यानं तू यायच्या आधी गाडी चालवून ठेवलीय. का ठेवलीय? थंड इंजिन खोटं बोलत नाही म्हणून. सरळ सांग, उद्या येते, आणि आजच न सांगता जा."

सलबिया हसली. "काका, हे तर माझंच काम. नवरीच्या चेहऱ्यावर काय झाकलंय ते मला दोन हातांवरून दिसतं."

"तू झाकतेस ते एका दिवसासाठी," काका म्हणाले. "आणि सगळ्यांना माहीत असतं."

हे सगळं तिच्या धाकट्या भावाच्या कानावर गेलं. जोहारी सरकारी खात्यात ड्रायव्हर होता, आता निवृत्त. सकाळ-संध्याकाळ चहाच्या टपरीवर बसून जगातल्या सगळ्या गाड्यांवर निकाल देत असे.

"ताई, गाडी घेणं म्हणजे लाली-पावडर घेणं नव्हे," तो म्हणाला. "त्या लियोंगचं काय ऐकतेस? मेन्ताकाबला शमसुरीचं दुकान आहे. माझ्या ओळखीचा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. तुला फसवणार आहे का तो?"

शमसुरीचं दुकान म्हणजे हमरस्त्याला लागून पत्र्याच्या शेडखाली तीसेक गाड्या, रंगीबेरंगी पताका आणि काचेची थंडगार केबिन. शमसुरी स्वतः बाहेर आला. पांढरा शुभ्र सदरा, अत्तर, तोंडावर हसू. त्यानं जोहारीचा हात दोन्ही हातांत धरला, सलबियाकडे पाहून मान लववली आणि मग पुढचा अर्धा तास तो जोहारीशीच बोलला.

"मावशींना शोभेल अशी एकच आहे," म्हणत त्यानं एका चंदेरी गाडीपाशी नेलं. चार दारांची, लांबलचक, आरशासारखी चकचकीत, नंबराच्या शेवटी चव्वेचाळीस अठरा. "एकच मालकीण. शाळेत शिक्षिका. घर ते शाळा, शाळा ते घर. बासष्ट हजार किलोमीटर फक्त. जोहारीभाई, तुम्हीच बघा इंजिनाचा आवाज."

"आवाज मी ऐकते," सलबिया म्हणाली. "गाडी मला घ्यायची आहे."

"हो हो, मावशी, जरूर! सीट बघा किती मऊ."

तिनं बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट नव्हे, चांगलं गरम होतं.

"सकाळी फिरवली का हिला?"

"धुवायला नेली होती."

"धुवायला मागेच तर नळ आहे तुमचा."

जोहारीनं घसा खाकरला. सलबिया आत बसली. आत लिंबाच्या अत्तराचा असा भपकारा होता की डोळ्यांत पाणी यावं. पायाखालचा गालिचा कोरा. स्टिअरिंग मात्र डाव्या बाजूला तुळतुळीत झालेलं आणि ब्रेकच्या पेडलाचं रबर एका कोपऱ्यात पार लोखंडापर्यंत झिजलेलं. शाळा ते घर, घर ते शाळा! ही बाई काय दुसऱ्या राज्यातल्या शाळेत शिकवायला जात होती?

मग तिनं पट्टा ओढला. हातभर, दोन हात, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक सरळ रेघ होती. रेघेच्या वर करडा रंग आणि खाली मातकट. तिनं त्यावर अंगठा घासला आणि बोट नाकाशी नेलं.

तो वास तिला कोणी सांगायला नको होता. दोन महिने ती तोच गाळ घराच्या फटींतून, कपाटांतून, शिलाई मशिनीच्या दातांतून खरवडून काढत होती.

"शमसुरीशेठ," ती गाडीतूनच म्हणाली, "ही गाडी पुरातली आहे."

"छे छे, मावशी! धूळ आहे ती."

"धूळ रेघ मारून बसते होय?"

"अहो, जुनी गाडी म्हटल्यावर थोडं..."

"आत्ता तर बासष्ट हजारच होती. लगेच जुनी झाली?" तिनं सीटखाली हात घातला. बोल्टांवर गंजाचे पोपडे होते. एक सोलून तिनं बाहेर येऊन त्याच्या शुभ्र सदऱ्यासमोर धरला. "हे काय? शाळेतला खडू?"

शेजारची गाडी बघणारं एक जोडपं थांबून ऐकायला लागलं. जोहारीनं बहिणीचा दंड धरला. "ताई, लोक बघतायत."

"बघू देत! त्यांच्यासाठीच ओरडतेय मी." तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "मी पोरींचे चेहरे रंगवते शेठ, पण संध्याकाळी रंग धुतला की खाली तीच पोरगी निघते. तुम्ही मढ्याला रंग लावलात आणि माणसाला नऊ वर्षं त्याचे हप्ते भरायला लावताय. पाऊस लागला आणि हमरस्त्यावर मध्येच बंद पडली तर? मागून लाकडाचा ट्रक आला तर?"

शमसुरीच्या तोंडावरचं हसू गेलं. तो तिच्याशी तरीही बोलला नाही. जोहारीकडे वळून तो दातांतल्या दातांत म्हणाला, "असली गिऱ्हाइकं आणण्यासाठी पैसे देतो का रे मी तुला?"

 जोहारी चपलांकडे बघत होता.

परतीच्या बसमध्ये सलबिया खिडकीशी बसली. मेन्ताकाब सुटल्यावर तिनं विचारलं, "किती?"

"ताई, तसं नाही ते. सगळेच घेतात. ओळख करून दिल्याचं चहापाणी."

"किती ते सोड. ती बुडालेली आहे हे तुला माहीत होतं?"

"अल्लाची शपथ, नव्हतं." मग तो म्हणाला, "मागच्या कुंपणावर गालिचे वाळत घातलेले दिसले होते मला. पण मी विचारलं नाही."

"तीस वर्षं गाडी चालवलीस तू. गालिचे वाळत का घालतात ते तुला विचारावं लागलं असतं?"

 ती तिच्या थांब्यावर उतरली आणि मागे वळून न पाहता घरी गेली.

गाडी तिला शेवटी मुत्तय्या नावाच्या निवृत्त पोस्टमनकडे मिळाली. तपकिरी रंगाची, चौदा वर्षांची, डाव्या अंगाला हा एवढा पोचा. ती न सांगता सकाळी सातला गेली. मुत्तय्या लुंगीवर दात घासत बाहेर आला आणि तोंड धुऊन स्वतःच दोष सांगायला लागला: मागचं डावं दार आतून उघडत नाही, सकाळी दुसरा गिअर पडताना झटका बसतो, एसी थंड व्हायला वेळ घेतो, आणि पोचा माझ्या बायकोनं आंब्याच्या झाडावर पाडलाय, तिच्यासमोर काढू नका.

सलबियानं पट्टे ओढले, बोल्ट चाचपले, डिकीतलं जादा चाक उचलून खाली बोट फिरवलं. मग लियोंगकाकांना फोन लावला आणि इंजिन सुरू करून फोन त्याच्यावर धरला. काकांचा एक कान बहिरा. तिनं दोनदा ओरडून सांगितलं, चांगला कान लावा.

 मग काका म्हणाले, "खोकला आहे, क्षय नाही. घे."

तिनं घेतली. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी लांचांगजवळ एका गावात नुरैनाचं लग्न होतं. नुरैना जिल्हा दवाखान्यात नर्स, बोलकी पोरगी. पापण्या चिकटवतानाही तिचं तोंड थांबत नव्हतं. "मावशी, इदलाननं गाडी घेतलीय. माझ्यासाठी सरप्राइज! तेलाच्या गिरणीत रात्रपाळ्या करून करून आगाऊ रक्कम भरलीय त्यानं. आज तिच्यातूनच कुआंतानला जाणार आम्ही."

"छान हं," सलबिया म्हणाली. "डोळे मीट."

डफ वाजत वरात आली. खिडकीच्या पडद्याआडून नवरीला नवरा दाखवायची सगळ्या मैत्रिणींना घाई. सलबियानंही मान वर केली. मांडवाच्या तोंडाशी फुलांच्या माळा आणि फिती लावलेली चंदेरी गाडी उभी होती. फितीच्या खालून नंबर दिसत होता. शेवटचे चार आकडे चव्वेचाळीस अठरा.

तिच्या हातातली पिन खाली पडली.

पुढचे चार तास तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. नवरा-नवरी मंचावर बसले, पाहुणे गुलाबपाणी शिंपडून गेले, तुपातला भात आणि मटणाच्या पंगती उठल्या. ती नवरीच्या मागे पंखा घेऊन उभी होती आणि मनात एकच भांडण चाललं होतं. आज बोलावं? भर लग्नात? पोरीचा हा एकच दिवस. न बोलावं? तर संध्याकाळी दोघं त्याच गाडीत बसून महामार्गाला लागणार, आणि पश्चिमेला ढग काळे होत होते. बसमध्ये भावाला ती जे बोलली होती ते आता तिच्याच कानात वाजत होतं. गालिचे तिनंही पाहिले होते आता.

पंगती संपल्यावर तिनं नवऱ्याला गाठलं. इदलान घामाघूम, मुकुट काखेत.

"बाळा, दोन मिनिटं गाडीत बस माझ्याबरोबर."

"फोटो काढायचाय मावशी?"

"पट्टा ओढ. अजून. शेवटपर्यंत."

त्यानं ओढला. रेघ तिथेच होती. शमसुरीनं तेवढीही तसदी घेतली नव्हती. इदलान गिरणीत यंत्रं सांभाळणारा माणूस, त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"आजच सांगायचं होतं तुम्हाला?" तो ओरडलाच. "आज? सगळं गाव आलंय! तिच्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?"

"शिव्या दे मला, चालेल," सलबिया म्हणाली. "पण हिच्यात बसवून तिला नेऊ नकोस. माझी गाडी घेऊन जा. मागचं डावं दार तेवढं बाहेरून उघडावं लागतं."

तो गेला तिथून. दहा मिनिटांनी नुरैना आली, अजून पूर्ण साजात. तिनं सलबियाकडे हात पुढे केला. "चावी द्या मावशी," एवढंच म्हणाली. त्या दिवशी नवरा-नवरी पोचा पडलेल्या तपकिरी गाडीतून गेले आणि गावात आठवडाभर त्याचीच चर्चा झाली. चंदेरी गाडी इदलानच्या भावानं सावकाश तेमर्लोला आणायला काढली. वाटेत सर आली आणि गाडीचे दिवे, काचा, सगळं एकदम गेलं. त्यानं ती ढकलत एका पेट्रोल पंपावर नेली.

शमसुरीनं अर्थातच काखा वर केल्या. "घेताना तपासून घ्यायची होती," तो इदलानला म्हणाला. "आणि लग्नात पाण्यात घातली नाहीत कशावरून?"  दुसऱ्या दिवशी ती नुरैना-इदलानबरोबर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी अर्ज नीट लिहून घेतला. पण म्हणाल्या, दुकानात असतानाच गाडी बुडालेली होती असं सांगणारं कोणी हवं. तुम्ही एक आहात. दुसरं कोणी?

सलबिया भावाच्या दारात गेली. दोन महिन्यांत ती त्याच्या दारात गेली नव्हती.

"तू येऊन गालिच्यांचं सांगायचंस," ती म्हणाली. "आणि त्यानं तुला पैसे दिले तेही."

"ताई, मेन्ताकाबात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. टपरीवर सगळे त्याचेच लोक."

"मग घरी चहा पी."

"तू रागात बोलतेस."

"रागातच बोलतेय! ती पोरगी चोवीस वर्षांची आहे, जोहारी. तुझ्या ओळखीवर मी ती गाडी घेतली असती तर आत मी असते. मग विचारलं असतंस का?"

जोहारी सुनावणीला आला. शमसुरी समोर बसलेला असताना त्यानं कुंपण, गालिचे, चहापाणी, सगळं सांगितलं. बोलताना दोनदा त्याला पाणी मागावं लागलं. निकाल लागला: गाडी परत घ्या, भरलेली रक्कम परत करा, कर्ज तुम्ही फेडा. नुरैना सलबियाच्या गळ्यात पडून रडली. सलबिया मात्र टेबलापाशी तशीच उभी.

"आणि गाडीचं काय होणार?" तिनं विचारलं.

"ती त्यांची झाली पुन्हा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे हे ती पुन्हा धुणार, पुन्हा विकणार?"

बाईंनी फाइल मिटली. "मावशी, आमच्यापुढे तक्रार आली ती आम्ही सोडवली. पुढची तक्रार आली की बघू."

"पुढची तक्रार करायला माणूस जिवंत राहिला तर ना!"

शमसुरीचं दुकान महिनाभर बंद होतं. मग नवीन पाटी लागली, नाव वेगळं, पताका त्याच. चंदेरी गाडी तिथे नव्हती. कोणी म्हणालं उत्तरेला लिलावात गेली, कोणी म्हणालं राज्याबाहेर. जोहारीची टपरी सुटली ती सुटलीच. आता तो सकाळी बहिणीकडे येतो, पेट्या उचलतो, तपकिरी गाडीचं पाणी-तेल बघतो. ती त्याला चहा देते. फार बोलत नाही, पण देते.

परवा तो म्हणाला, "ताई, झालं की आता. पोरांचे पैसे मिळाले. अजून कशाला धुमसतेस?"

सलबिया पोशाखावर चादर घालत होती. ती थांबली.

"त्यांना मिळाले. ती गाडी आत्ता कोणाच्या अंगणात उभी आहे, सांग मला. कोण पोरगी तिच्यात बसून कामाला चाललीय, सांग."

जोहारी चादरीचं टोक सरळ करायला लागला.

"नाही ना माहीत? मग मला शांत हो म्हणू नकोस," ती म्हणाली आणि मुकुटाची पेटी त्याच्या हातात दिली. माराँचं लग्न दहाचं होतं आणि रस्त्यात पुलाचं काम चालू होतं.